याले ऊन लागते

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात तूरडाळीची मिल आहे. तिथलं कलर सॉर्टर, म्हणजे रंग बघून खडे हवेच्या फवाऱ्याने उडवणारं मशीन, दर दुपारी दोननंतर चांगली डाळही खड्यांबरोबर उडवून टाकायचं. संध्याकाळी सहाला परत शहाण्यासारखं वागायचं. मशीनच्या कॅमेऱ्यामागच्या एफपीजीएचं, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपचं, डिझाइन माझं, त्यामुळे ऐन मे महिन्यात मलाच जावं लागलं.

मिलमालकाला वाटत होतं, लाइनचा घोटाळा आहे. ऑपरेटरचं निदान वेगळंच होतं. "सकायी बरोबर चालते जी साहेब. दुपारी याले ऊन लागते." मी हसलो. खरं तर तेव्हाच पोटात गोळा यायला हवा होता.

कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. डिझाइन तपासणाऱ्या टूलच्या टायमिंग रिपोर्टमध्ये (चिपमध्ये कशाला किती वेळ लागेल त्याचा हिशेब) गुणाकार-बेरजेचा एक मार्ग ९.६ नॅनोसेकंदांचा होता, म्हणजे क्लॉक, चिपचा ठोका, १०४ मेगाहर्ट्झच्या वर नको. मी चालवत होतो १२५ वर, म्हणजे ८ नॅनोसेकंदांत. नागपूरच्या टेबलावर तो आठ-आठ दिवस एकही चूक न करता चालला होता. रिपोर्ट भित्राच असतो, असं आमच्यात म्हणतात. ते खोटंही नाही. टूल हिशेब करतं तो त्या स्पीड ग्रेडमधल्या, म्हणजे वेगाच्या प्रतीतल्या, सगळ्यात मंद चिपचा, १.२ ऐवजी १.१४ व्होल्टचा आणि आतल्या सिलिकॉनच्या ८५ अंशांचा. टेबलावरची चिप यातलं काहीच भोगत नसते.

संशय आला म्हणून चिपच्या रिकाम्या जागेत रिंग ऑसिलेटर टाकला, चिप किती वेगाने चालते ते दाखवणारा. १०१ इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारी गेट) एकामागे एक, शेवटच्याचं तोंड पहिल्याला जोडलेलं. (डिझाइनचं सर्किट करून देणाऱ्या सिंथेसिस टूलला हे दिसलं की ते जोड्या-जोड्या खाऊन एकच इन्व्हर्टर ठेवतं. त्याला बजावून सांगावं लागतं, की बाबा, हात लावू नको. सिम्युलेटरची तऱ्हा आणखी निराळी. सुरुवातीची किंमत माहीत नाही म्हणून तो हलतच नाही. एका इन्व्हर्टरच्या जागी नँड गेट, म्हणजे बाहेरून मुभा मिळाली की मगच उलटवणारं गेट, लावून त्याला धक्का द्यावा लागतो.) क्रिस्टलच्या क्लॉकवर काउंटर लावून सेकंदाला किती हेलकावे होतात ते मोजायचं, बस. जितके कमी, तितकी चिप मंद. टूलच्याच हिशेबाने सिम्युलेशन म्हणत होतं ४.१ मेगाहर्ट्झ. नागपूरच्या बोर्डावर मोजले ५.५. त्याच प्रमाणात तो ९.६ चा मार्ग प्रत्यक्षात ७.२ च्या आसपास. म्हणजे माझ्या हातात शिल्लक होते फक्त ०.८.

मिलमध्ये सकाळी आठला आकडा आला ५.४. मग मी बाजेवर बसून राहिलो. अकराला ५.२. दुपारी अडीचला ४.९. पत्र्याचं छत, पॅनेलच्या पंख्याची जाळी डाळीच्या भुकटीने बंद, आणि तापलेल्या रेग्युलेटरचं व्होल्टेज १.१६ वर उतरलेलं. ५.५ भागिले ४.९, गुणिले ७.२. कागदावर आलं ८.०८ नॅनोसेकंद, म्हणजे आठच्या वर. आकड्याचे वरचे, म्हणजे मोठ्या किमतीचे, बिट वेळेत पोचत नव्हते, पिक्सेलचा रंग भलताच निघत होता, आणि बिचाऱ्या डाळीवर हवेचा फवारा बसत होता.

रिपोर्टातली ती सगळ्यात वाईट परिस्थिती मला कल्पनेतली वाटायची. अजून ती पुरती गाठलीही नव्हती, निम्म्या वाटेवरच आमचं मशीन पडलं.

ऑपरेटरने आपला कुलर ओढून पॅनेलसमोर लावला. वीस मिनिटांत डाळ सुधारली. मालक खूश, "झालं की काम!" म्हणाला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रात्री लॉजवर गुणाकार आणि बेरीज यांच्यामध्ये रजिस्टरची (एका ठोक्यापुरता आकडा धरून ठेवणाऱ्या खणांची) एक रांग घातली. निकाल एक क्लॉक, म्हणजे ८ नॅनोसेकंद उशिरा येणार. घरंगळणाऱ्या डाळीला त्याचं काय! नवा रिपोर्ट ६.१ चा आला, तोही त्याच भित्र्या हिशेबाने. दुसऱ्या दिवशी जाळी साफ केली, रेग्युलेटर बदलला आणि कुलर बंद करून मुद्दाम अडीचपर्यंत थांबलो. साडेतीन झाले. डाळ पिवळीधम्मक उतरत होती.

ऑपरेटर दुपट्ट्याने मान पुसत जवळ आला.

"झालं ना जी साहेब? मंग आता तरी कुलर आमच्याकडे वळवू काय?"