आहे ना पार्किंग!

मागच्या मे महिन्यात आम्ही कोथरूडला भाड्याने घर शोधत होतो. आमच्यासाठी शोधत होतो असं म्हणायचं आपलं, खरं तर गाडीसाठीच बघणं चालू होतं, कारण आमचं काय, हॉल लहान निघाला तर सोफा विकून टाकता येतो, गाडीची घडी कोण घालणार.

एजंटचा पहिला प्रश्न, फॅमिली का बॅचलर. माझा पहिला प्रश्न, फोर व्हीलर पार्किंग आहे का. त्यावर प्रत्येक जण एकाच सुरात म्हणणार, "आहे ना मॅडम!" या "आहे ना"चे अर्थ पंधरा-एक घरं बघितल्यावर कळायला लागले. एका ठिकाणी आहे ना म्हणजे जो आधी येईल त्याची जागा, थोडक्यात ऑफिसातून आठनंतर येणाऱ्याने तिथे घर घेऊच नये. दुसरीकडे एकामागे एक दोन गाड्या, त्यामुळे मागच्याने गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, सकाळी वॉचमन ती ढकलणार. तिसरीकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे मशीनने एकावर एक गाड्या, आमची गाडी वरच्या पाळण्यात. मी विचारलं लाईट गेली तर खाली कशी येणार, तर एजंट म्हणे इथे लाईट जातेच कुठे. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे पुण्यातला लाईट जायचा वार, आणि आम्ही चार मजले अंधारात चढून फ्लॅट बघितला होता.

नवरा खिशात मेजर टेप घेऊन फिरायचा. आमची गाडी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला टॅक्स कमी लागतो म्हणून कंपन्या लांबी अशी बेतून ठेवतात, हे तो प्रत्येक घरमालकाला उत्साहाने सांगायचा. घरमालक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, व्हेज का नॉनव्हेज? पण लांबीचं जमून जातं हो, खरी गोम रुंदीत असते, दोन पिलरमध्ये गाडी सरळ शिरते आणि मग दारच उघडत नाही.

एक घर मात्र फारच आवडलं होतं. गॅलरीसमोर आंब्याचं झाड, भाडं बजेटमध्ये, मालक म्हणाले पार्किंग मी बिल्डरकडून वेगळे पैसे देऊन विकत घेतलंय, खुशाल लावा. टोकन द्यायचं तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका आले, भाडेकरूंच्या फोर व्हीलर आत नाहीत म्हणाले. इथे नवऱ्याने थेट सुप्रीम कोर्ट काढलं, २०१० साली कोर्टाने सांगितलंय की स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखाली पिलरमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, ती सामाईक जागा. मालकांचं तोंड उतरलं, काका मात्र एकदम खूष. म्हणाले, "अगदी बरोबर! म्हणजे ते यांचंही नाही आणि तुमचंही नाही." आंबा गेला. (घरी येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही.)

मग रस्त्यावर लावा की, असं सगळेच सांगतात. त्या रस्त्यावर पी१-पी२ च्या पाट्या, विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी, म्हणजे रोज रात्री पायजम्यावर खाली उतरून गाडी पलीकडे न्यायची. सुट्टी फक्त ३१ तारखेला, कारण पुढे १ येते आणि दोन्ही विषम.

शेवटी मिळालं एक. तिसरा मजला, लिफ्ट नाही, फ्रिज किचनमध्ये मावेना म्हणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. पण खाली पिलरवर आमचा फ्लॅट नंबर रंगवलाय, ऑइलपेंटने! मला आधी बाहेर उतरावं लागतं, नवरा आत लावून अंग चोरून बाहेर येतो, पोट आत घेतल्याशिवाय जमत नाही, ते असू दे.

परवा मामाचा फोन आला, रविवारी सगळे घर बघायला येतो म्हणाला. मी म्हटलं, "या ना मामा, जेवायलाच या. पण कशाने येताय?"