गेम्सकॉम २०२५: तीन तास रांग, आणि आत व्हिडिओ

समीक्षकांच्या 'हे गेम बघाच' याद्या वाचून कोणी जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम ह्या व्हिडिओ गेम्सच्या जत्रेला जाणार असेल तर थांबा जरा, मी तोच गाढवपणा करून आलोय आणि तळपाय अजून ठणकतायत.

२० ते २४ ऑगस्ट होतं, माझी तिकिटं गुरुवार-शुक्रवारची. गुरुवारी दार उघडल्या उघडल्या पळत एका मोठ्या बूथला गेलो, नाव घेत नाही. ह्या गेमला समीक्षकांनी नुसतं डोक्यावर घेतलेलं. रांग तीन तास दहा मिनिटं! टेकायला जागा नाही, टॉयलेटला जायचं तर मागच्याला 'बाबा रे जागा धर' म्हणायचं, तो पोरगा भला निघाला म्हणून निभावलं. शेवटी आत गेलो तर अंधाऱ्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवला आणि हातात टी-शर्ट दिला, तोही दोन साइज मोठा. कंट्रोलर कुठंय विचारलं तर म्हणे खेळायला फक्त प्रेसला. अहो मग बाहेर पाटी लावा की!

खरी गोष्ट अशी की पत्रकार ह्या रांगांत नसतातच. त्यांचं सगळं बिझनेस एरियात, अपॉइंटमेंट घेऊन, बंद दाराआड, शेजारी स्वतः डेव्हलपर बसलेला. त्यांना आवडलं ते खोटं नसतं, पण त्यांनी जे खेळलं ते तुम्हाला मिळेलच असं नाही. त्यामुळे रांगेत शिरायच्या आधी स्टाफला दोनच प्रश्न: स्वतः खेळायला मिळणार का, आणि किती मिनिटं? उत्तर देताना आढेवेढे घेतले की सरळ पुढे चला.

आणि गेम कधी येतोय तेही बघा. २०१९ पासून लोक ज्याच्यासाठी जीव टाकत होते त्या सिल्कसाँगची तारीख त्याच गुरुवारी जाहीर झाली, ४ सप्टेंबर. म्हणजे दोन आठवड्यांत घरी सोफ्यावर लोळत खेळता येणार, तरी त्याच्या बूथवरची एकही व्यक्ती रांग सोडून हलली नाही. भक्ती म्हणायची ती.

शुक्रवारी शहाणपणा केला, सकाळी थेट रेसिडेंट ईव्हिल रेक्विम ह्या भयपट गेमचा बूथ गाठला. इथे मात्र समीक्षकांना मानलं. गेम्सकॉमचे चार पुरस्कार उगाच नाही मिळाले, त्यातली नायिका ग्रेस अंधारात चाचपडत जाते तेव्हा आजूबाजूच्या गोंगाटातही माझे हात गार पडलेले. १८ वरच्या गेमला मनगटावर वयाचा पट्टा लागतो, पासपोर्ट दाखवून तो आधीच घेऊन ठेवा, मी रांगेच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो होतो.

नंतर हॉल १०.२ मध्ये इंडीवाल्यांकडे, म्हणजे छोट्या स्वतंत्र गेमवाल्यांकडे, तिथे बरं होतं.

राहायचं म्हणाल तर त्या आठवड्यात कोलोनमध्ये लूट आहे. मी जुलैत बुकिंग केलं, एरवीच्या दुप्पट भाडं आणि खोलीत पंखासुद्धा नाही. बॉन किंवा ड्युसेलडॉर्फला राहा, ट्रेनने साधारण अर्धा तास, उतरायचं केल्न (म्हणजे कोलोनच) मेसे/डॉइट्झ स्टेशनला. कॅथेड्रलपासून पुलावरून चालतही येता येतं पण संध्याकाळी परत जाताना ते जमेल ह्या भ्रमात राहू नका. पाण्याच्या बाटल्या फेकू नका, सुपरमार्केटात परत दिल्या की एकेकीचे २५ सेंट मिळतात. मी पहिल्या दिवशी सहा फेकल्या.