काही करत नाही ओ ती

आमच्या कुत्रीचं नाव भुर्जी. ठेवताना सगळ्यांना फार मजा वाटली होती, पण उघड्या माळावर "भुर्जीऽऽ! ए भुर्जीऽऽ!" असं बोंबलत पळायची वेळ आली ना की कळतं आपण काय करून बसलोय. माझ्यावर ती वेळ आली दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दिवे घाट चढून सासवडकडे जाताना जे माळ लागतात तिथे.

भुर्जी बीगल आहे, म्हणजे नाक जमिनीला टेकलं की कान बंद. सोसायटीत दिवसभर पट्टा, म्हणून गाडीतून उतरल्यावर तिला मोकळं सोडायचं हे आमचं ठरलेलं. तर त्या दिवशी उताराखालून घंटा वाजली, आणि मी मान वळवेपर्यंत ही दीडशे-दोनशे मेंढरांत घुसलेली. चावली वगैरे अजिबात नाही, तिला नुसतं खेळायचं होतं, पण मेंढरं पळाली म्हणून ही अजून चेकाळली आणि ही चेकाळली म्हणून मेंढरं अजून फुटली, बिऱ्हाड लादलेला घोडा बिथरला, त्याच्यावर बांधलेल्या कोंबड्यांनी कल्ला केला, आणि मग धनगरांचे दोन कुत्रे आले. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले. आमची वाघीण शेपूट घालून थेट माझ्या पायात.

मी आपलं सवयीने म्हटलं, "काही करत नाही ओ ती."

म्हातारबाबा शांतच होते. एका मेंढीकडे बोट केलं, पोट मोठं, तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. "ती काय करत नसंल ताई. ही पळून पळून गाभडली म्हंजी?"

काय बोलणार? पाच महिने पोटात वाढवायचं आणि एका पळापळीत जायचं. पैसे देऊ का विचारलं तर म्हणाले, "अजून काय झालंय व्हय? कुत्रं धरा तेवडं." धरलं.

हे नोव्हेंबरातच व्हावं यातही नवल नाही. दिवाळी झाली की देशावरच्या धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे तांडे, मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे, मावळाकडे निघतात, वाटेत कुणाच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवतात, रात्री भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावतात. आपल्याला जो मोकळा माळ वाटतो तो त्यांचा रस्ता असतो. आणि मेंढरं नसली तरी तो रिकामा नसतोच. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी चार अंडी घालते, शेजारी उभं राहून आपल्याला दिसत नाहीत, कुत्र्याला वासाने सापडतात. ससा उठला तर विचारूच नका (१९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला पिटाळणं हेही शिकारीतच मोडतं, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं). शिवाय आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार लांडग्यांना लागू शकतो, त्यामुळे ती लस चुकवायची नाही.

उलटा हिशोबही आहे बरं का. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. त्यामुळे दिवस मावळायच्या आत आम्ही गाडीत.

आता दहा मीटरची लांब दोरी घेतलीय. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, लावायची, गळपट्ट्याला नाही, कारण पूर्ण वेगात दोरी संपली तर मानेला हिसका बसतो. दोरी नुसती हातात धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही, हे मी एकदा तोंडावर आपटून शिकले. एखादी म्हैस किंवा बैल अंगावर आलाच तर दोरी सोडून द्यायची, कुत्रं आपल्यापेक्षा लवकर निसटतं. आणि हाकेऐवजी शिट्टी. घरात शिट्टी वाजली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, असं दोन महिने रोज केलं. सशापुढे अजूनही शिट्टी हरते, म्हणून दोरी सुटत नाही. नवरा म्हणतो, मग काय मजा तिला? तर मजा आहे, ती सगळा वेळ गवतात नाक खुपसून चालते, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यांतली कुसळं आणि कानामागच्या गोचिड्या काढायचं काम माझं.

पंधरा दिवसांनी मुद्दाम परत गेलो होतो, त्या मेंढीचं काय झालं विचारायला. वाडा हललेला. तीन दगडांची चूल, राख, आणि वावरभर लेंड्या. पलीकडच्या शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, गेले भोरकडं. मी त्याच्याशी बोलतेय तेवढ्यात भुर्जीने खांदा खाली घातला, त्या लेंड्यांत लोळायच्या तयारीत, आणि मी दोरी खेचली.