बाबांचा स्टेंट, विम्याचा फॉर्म आणि आल्प्स

बाबांना बर्फ बघायचा होता. वय ७१, मधुमेह, बीपी आणि चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. तिकिटं, हॉटेलं, ट्रेनचे पास दोन संध्याकाळींत उरकले. विम्याला पाच आठवडे लागले. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या तळ्यांची वर्णनं इथे फारशी सापडणार नाहीत.

पहिली चूक मीच करत होतो. शेंगेन व्हिसाला, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर लागतं. तेवढं देणारी सगळ्यात स्वस्त पॉलिसी मी घेणारच होतो, तेवढ्यात शेवटच्या पानांवरचं बारीक अक्षर वाचलं: आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेला कुठलाही खर्च मिळणार नाही. म्हणजे व्हिसाचं काम झालं असतं आणि बाबांचं राहिलं असतं. दुसऱ्या एका पॉलिसीत असे आजार धरले होते, पण जीवावर बेतलं तरच, आणि तेही तब्येत स्थिर होईपर्यंतच. तिसरी आजारांची पूर्ण प्रश्नावली भरून घेणारी, हप्ता चढा. पण मान्य केलेल्या आजारांची नावं पॉलिसीवर छापून देणारी. आम्ही ती घेतली. एजंट तोंडी 'सगळं कव्हर आहे हो' म्हणाला तर त्याला ते ईमेलवर लिहून मागा. आमच्या एजंटचा सूर तिथेच बदलला.

फॉर्म भरायला बसलो तर बाबा म्हणाले, "बीपी कशाला लिहितोस? गोळी चालू आहे, बीपी नॉर्मल आहे." मग मी त्यांचा गोळ्यांचा डबाच टेबलावर उपडा केला आणि एकेका पट्टीवरून आजार लिहीत गेलो. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, सगळ्या. तुम्हीही असंच करा. आठवणीतून लिहिलं की नेमकं तेच सुटतं ज्यावर पुढे क्लेम अडतो. आणि लपवलेला आजार सापडला तर त्याच आजाराचा नव्हे, सगळाच क्लेम जाऊ शकतो.

खरी गोम 'स्थिर' या शब्दात आहे, कारण मान्य केलेला आजारही 'स्थिर' असेल तरच कव्हर होतो. आपल्या लेखी स्थिर म्हणजे त्रास नाही. विमावाल्यांच्या लेखी ठरावीक काळात, कुठे ९० दिवस तर कुठे १८०, नवं लक्षण नाही, नवी गोळी नाही, डोसात बदल नाही, आणि सांगितलेली एखादी तपासणी राहिलेली नाही. बाबांची बीपीची गोळी १० मिलिग्रॅमवरून ५ वर आली होती. आम्ही त्याचे पेढे वाटायचे बाकी होते, पण या पॉलिसीत कमी केलेला डोसही बदलच! अट ९० दिवसांची, आणि निघायच्या दिवशी भरत होते ७८. सहल दोन आठवडे पुढे ढकलली. हे दिवस काही ठिकाणी निघायच्या तारखेपासून मागे मोजतात, काही ठिकाणी पॉलिसी घेतल्याच्या. तेवढं आधी विचारा. आणि तारखा ठरल्यावर डॉक्टरांकडे 'जाता जाता गोळी बदलून देता का' असं सहज म्हणू नका. बदल गरजेचा असेल तर अर्थात करायचाच, पण विमा कंपनीला लगेच कळवायचा.

औषधं मूळ पट्ट्यांमध्ये, हातातल्या बॅगेत, आठवडाभराची जास्तीची. इन्सुलिन असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत मुळीच नको, तिथे गोठू शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांची मूळ औषधी नावं हवीत, परदेशात ब्रँडची नावं कुणाला कळत नाहीत.

इंटरलाकेनला तिसऱ्या रात्री बाबा उठून बसले. "जरा जड वाटतंय," म्हणाले, आणि हात छातीवर. ११२ फिरवला, अ‍ॅम्ब्युलन्स आली. क्रम हाच ठेवा. विमा कंपनीचा मदत क्रमांक मी हॉस्पिटलच्या बाकावरून लावला. पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट, वॉर्ड, आणि मग प्रश्न: हृदयविकार आधी कळवला होता का? होता. तासाभरात पैशांची हमी हॉस्पिटलला पोचली. ईसीजी ठीक, काही तासांच्या अंतराने दोनदा केलेली रक्ततपासणी ठीक, एक रात्र देखरेख. मोबाइलमधला अँजिओप्लास्टीच्या कागदांचा फोटो तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चांगली पाच मिनिटं मोठा करकरून पाहिला.

युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं बर्फातलं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे जायला डॉक्टरीणबाईंनी साफ मनाई केली. आम्ही वाटेतल्या, २,०६१ मीटरवरच्या क्लाइने शायडेग स्टेशनला उतरून बसलो. बर्फ तिथूनही दिसतो. बाबा तासभर काही बोलले नाहीत, म्हणजे खूश होते.

डिस्चार्जचे कागद जर्मनमध्ये मिळाले. इंग्रजी प्रत हॉस्पिटलमधून निघण्याआधीच मागा, नंतर ईमेलवर महिना गेला. क्लेम मिळाला, फक्त पॉलिसीतली सुरुवातीची ठरावीक रक्कम आमच्या खिशातून गेली.

परत आल्यावर बाबांच्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. म्हणजे ९० दिवस पुन्हा शून्यापासून. बाबांनी कॅलेंडरवर त्या दिवसापासून मोजून पेन्सिलीने एक गोल केला आहे. कुठे जायचं ते अजून सांगत नाहीत.