कॉफीत धुतलेले रोल

काकांचा यशिका कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या कव्हरला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास होता. इलेक्ट्रो ३५ जीएसएन. आमच्या घरातली बारशी, मुंजी, लग्नं सगळी यानंच टिपलेली. काका म्हणाले, "अगं, ह्याची मूळची बॅटरी आता मिळत नाही. आणि रोल ३६ चाच असतो, एकही फोटो वाया जाता कामा नये."

बॅटरीचं म्हणणं खरं होतं. हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा, ती केव्हाच बंद झाली. बॅटरी नसली की शटर १/५०० सेकंदावरच चालतं. म्हणजे हातात उरतं ते फक्त लेन्सचं छिद्र लहानमोठं करणं. छिद्राचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. ४०० आयएसओचा, म्हणजे उजेड चटकन टिपणारा रोल असेल तर कडक उन्हात १६ वर, सावलीत ५.६ च्या आसपास, आणि घरात जवळपास काहीच नाही. मला हे बंधन आवडलं. एका गोष्टीचा विचार कमी झाला.

फोटो वाया जाऊ नये हे मात्र मला पाळता आलं नाही. पहिले दोन रोल मी पूर्ण घालवले.

रोल घरी धुवायचा हे आधीच ठरवलं होतं. साताऱ्यात मला ब्लॅक अँड व्हाइट रोल धुऊन देणारं कुणी सापडलं नाही, आणि बाहेरगावी पाठवून निगेटिव्हची वाट बघायला जीव राहत नव्हता. मग कॉफीचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, वाचनात आला. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९९५ साली स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्यावर फिल्म डेव्हलप करून दाखवली. पुढे लोकांनी त्यात व्हिटॅमिन सी घातलं. लिटरला ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम कॉफी, २० अंशांवर १५ मिनिटं. रोल धुवायच्या माझ्या टाकीला ३०० मिली पुरतं, म्हणून १६, ५ आणि १२ ग्रॅम.

पहिला रोल रात्री बाथरूममध्ये, दाराच्या फटीला टॉवेल लावून आणि वर गोधडी घेऊन, चाचपडत टाकीतल्या रिळावर चढवला. उकाड्यानं हात घामेजलेले. ओलसर हाताला फिल्म रिळात सरकतच नाही, हे तेव्हा कळलं. धुऊन बाहेर काढला तर दीड मीटरभर लांब, काचेसारखी स्वच्छ फिल्म. एकही चित्र नाही.

मी कॅमेऱ्याला दोष देत बसले असते, पण फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाश देऊन उमटवलेले असतात. आकडे दिसतायत आणि फ्रेम रिकाम्या असतील तर चूक कॅमेऱ्यात किंवा रोल भरण्यात. माझ्या फिल्मवर आकडेही नव्हते. म्हणजे डेव्हलपरनं काही कामच केलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन डबा बघितला. मी खायचा सोडा घातला होता.

दुसऱ्या रोलला किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणला. या वेळी आकडे उमटले, चित्रंही उमटली, पण इतकी फिकट की उजेडासमोर तिरकी धरल्याशिवाय दिसेनात. इथे मी बरेच दिवस अडकले. शेवटी रोलवर प्रयोग करणं थांबवलं आणि रोलच्या बाहेर राहिलेल्या टोकाचे बोटभर तुकडे कापले. तीन कप, तीन मिश्रणं, भर दिवसा खिडकीपाशी. उजेड लागलेला तुकडा चांगल्या डेव्हलपरमध्ये काळाकुट्ट व्हायलाच हवा. प्रत्येक कपात एकच गोष्ट बदलायची.

त्यातून दोन कारणं निघाली. माझ्या कॉफीच्या पाकिटात चिकोरी मिसळलेली होती. आपल्याकडच्या कितीतरी इन्स्टंट कॉफीत ती असते. फिल्मवर काम करतं ते कॉफीतलं द्रव्य, त्यामुळे चिकोरीच्या वजनाइतकं बळ कमी. दुसरं कारण मोठं होतं. सोडा खड्यांचा होता. खड्याच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, म्हणजे मी १६ ग्रॅम म्हणून जेमतेम ६ ग्रॅम घालत होते. एक जुनी कढई कायमची वेगळी काढली आणि खडे त्यात तापवले. आधी ते स्वतःच्याच पाण्यात विरघळतात, गढूळ खळ होते, ती खदखदते, मग कडेनं पांढरी पडत जाते आणि शेवटी कोरडी भुकटी उरते. ती भुकटी आणि बिनचिकोरीची कॉफी घातलेल्या कपात तुकडा काही मिनिटांत काळा झाला. मी तो ओला तुकडा हातात घेऊन आईला दाखवायला गेले.

तिसरा रोल घेऊन मेणवलीला गेले. वाईपासून जवळच, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट, आणि तिथली ती भली मोठी पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली. दुपारभर फिरले. मे महिना, घरी नळाचं पाणी २९ अंश. बर्फाच्या पातेल्यात बरणी ठेवून ते २० वर आणलं. आधी सोडा, मग व्हिटॅमिन सी, ते फसफसून शांत झालं की शेवटी कॉफी. वास कुजक्या गवतासारखा. त्यानंतर हायपो, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन. हायपो पाण्यात विरघळताना पाणी इतकं गार होतं की भांड्याला बाहेरून दव सुटतं. दर वेळी मी तिथे हात लावून बघते.

चित्रं आली! किंचित तपकिरी, दाणेदार, पण आली. आणि बऱ्याच फ्रेमच्या एका कडेला निगेटिव्हवर काळा, म्हणजे फोटोत पांढुरका, पट्टा. कुठे बोटाएवढा, कुठे अर्ध्या चित्रावर चढलेला.

कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाच्या खाचांमध्ये फोमच्या पट्ट्या असतात. दमट हवेत त्या चिकट डांबरासारख्या होतात आणि उजेड झिरपतो. तो गाळ काडीनं काढायचा आणि खाचेत काळी लोकर बसवायची, हा उपाय सोपा आहे. पण मी त्या दिवशीच्या फोटोंच्या नोंदींची वही उघडली. घाटावर पाठोपाठ काढलेल्या चार फोटोंत पट्टा अगदी बारीक होता. घंटेच्या फोटोवर सगळ्यात रुंद, कारण त्याच्या आसपास मी कॅमेरा पायरीवर उन्हात ठेवून बराच वेळ बसले होते. फिल्म जितकी थांबली तितका उजेड आत आला होता. घंटेच्या डाव्या अंगावरून तो असा उतरलाय की घंटा नुकतीच वाजून थांबली असावी असं वाटतं.

रिळावर बोटांचे डाग पडले, फिल्म एकमेकींना चिकटली, असल्या चुका मला आजही नकोशाच आहेत. त्यात काही सौंदर्य नाही. पण या पट्ट्याचं कारण मला माहीत होतं, तो किती यावा हेही थोडंफार माझ्या हातात होतं.

काकांना तो फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितला. मग आतून एक पाकीट घेऊन आले. त्यांच्या वेळी स्टुडिओवाले हललेल्या फोटोंचे प्रिंट काढायचे नाहीत, ग्राहकाचे पैसे वाचावेत म्हणून. त्या निगेटिव्ह काकांनी जपून ठेवल्या होत्या, एकही फेकली नव्हती.

"ह्यांचं काही होतंय का बघ," ते म्हणाले.

एकीत आजी आहे, अंगणात, मान वळवताना हललेली. तिचा स्कॅन करून झालाय.

कॅमेऱ्याच्या तीन बाजूंना काळी लोकर बसवलीय. बिजागरीची बाजू तशीच ठेवलीय. नवा रोल भरलाय, वहीत फ्रेमच्या आकड्यापुढे आता एक रकाना जास्त आहे: उन्हात किती मिनिटं.