पान सातवरचं भोक

आमच्या घरी येणाऱ्या पेपरला आठवड्यातून दोन-तीनदा तरी भोक पडतं. ते मी पाडते. पान आठवर तळाशी बारीक टायपात चित्रप्रदर्शनं, व्याख्यानं, कार्यशाळा यांची निवेदनं येतात. त्यातलं एखादं आवडलं की मी कात्री घेते. पण पान सात आणि पान आठ म्हणजे एकाच कागदाच्या दोन बाजू, आणि पान सातवर असतं जग. त्यामुळे इकडे जलरंगांचं प्रदर्शन कापून घेतलं की तिकडे कुठल्या तरी युद्धविरामाच्या वाटाघाटी मधोमध तुटतात.

बाबा पेपर माझ्यानंतर वाचतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. परवा त्यांनी भोकातून माझ्याकडे बघत विचारलं, “अगं, त्या परराष्ट्रमंत्र्यांनी चर्चेला जायचं मान्य केलं की नाही? नेमकं क्रियापद तू नेलंस.” मी कात्रण उलटं करून बघितलं. क्रियापद त्यातही नव्हतं. ते कात्रीच्या रेषेवर बळी गेलं होतं.

माझी बाजू सावरायला मी पिकासोला मध्ये आणलं. 1912च्या नोव्हेंबरमध्ये त्याने एक कोलाज केलं. त्यात गिटार आहे, पेला आहे, गाण्याच्या छापील कागदाचा तुकडा आहे, आणि ‘ल जुर्नाल’ या फ्रेंच दैनिकातून कापलेला एक तुकडा. त्या तुकड्यावर पेपरचं नाव अर्धंच राहिलंय आणि खाली मथळा आहे, ‘लढाईला तोंड फुटलं’ अशा अर्थाचा. बातमी बाल्कन युद्धाची होती. म्हणजे एवढा मोठा चित्रकारसुद्धा पेपर कापायचा.

“त्याच्या घरच्यांचा वाचून झाला होता का, ते विचार,” बाबा म्हणाले.

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर सांगते. या दोन पानांमधला खरा फरक विषयाचा नाही, व्याकरणाचा आहे. पान सातवर सगळं घडून गेलेलं असतं. हल्ला झाला, सरकार कोसळलं, बोट बुडाली, व्याजदर वाढवण्यात आले. भूतकाळ, आणि तोही बऱ्याचदा कर्ता लपवून. जे पुढे व्हायचंय त्यालाही ‘शक्यता वर्तवली जात आहे’ अशी शेपटी लावून ते मागे ढकललेलं. पान आठवर मात्र सगळा विध्यर्थ. नावनोंदणी करावी. येताना साधा कागद व पेन्सिल आणावी. दहा मिनिटे आधी उपस्थित राहावे. रसिकांनी लाभ घ्यावा. शाळेत विध्यर्थ शिकले तेव्हा हा प्रकार इतका आर्जवी असेल असं वाटलं नव्हतं. जगाच्या बातमीला मी नुसती वाचक म्हणून पुरते. निवेदनाला मी प्रत्यक्ष हवी असते, पेन्सिलीसकट.

‘जागा मर्यादित’ हे मात्र मी मनावर घेत नाही. आजवर मी गेले त्या बहुतेक ठिकाणी माणसं मर्यादित होती आणि खुर्च्या मुबलक.

माणसं मर्यादित असण्याचं एक कारण बातम्यांच्या वेगात आहे. 1850 साली ज्युलियस रॉयटर, पुढे रॉयटर्स ही वृत्तसंस्था काढणारा, जर्मनीतलं आखेन आणि ब्रसेल्सच्या दरम्यान कबुतरांच्या पायाला बातम्या बांधून पाठवत होता, कारण तारेची जोडणी तेवढ्याच टप्प्यात तुटलेली होती. लांबची बातमी म्हणजे तेव्हा केवढा खटाटोप! आता समुद्रापलीकडचा भूकंप मला काही मिनिटांत कळतो, रिश्टर का कोणत्या त्या आकड्यासकट. आणि चालत जाण्याच्या अंतरावरच्या प्रदर्शनाबद्दल वाचायला मिळतं ते ‘आज समारोप’. जवळच्या बातमीला अजून कबुतरच लागतं. कुणीतरी हाताने लिहून पेपरच्या कचेरीत नेऊन द्यायची, उपसंपादकाकडे चार ओळींची जागा उरली तर ती छापून यायची, आणि मग माझी कात्री.

गेल्या महिन्यात अशाच एका कात्रणाच्या भरवशावर मी लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून ठसा छापायच्या कार्यशाळेला गेले. टेबलांवर जुने पेपर अंथरलेले होते. माझ्या वाट्याला आला होता कुठल्याशा शिखर परिषदेचा फोटो, एका रांगेत उभे राहून हसणारे नऊ जण. त्यांच्या छातीवर लिनोचा तुकडा ठेवून मी कोरायला बसले. लिनो थोडा गरम केला की लोण्यासारखा कापला जातो, गार असला की कोरणी सटकते आणि सरळ दुसऱ्या हाताच्या बोटावर येते. म्हणून तो हात कायम कोरणीच्या मागे ठेवायचा, हे पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं गेलं आणि चौथ्यांदा मला एकटीला. मी ‘आज’ हा शब्द घेतला होता. शिरोरेखा कशी सरळ आली, याचाच मला फार अभिमान. मग काचेवर शाई घेऊन रोलर फिरवायचा. शाई जास्त असेल तर रोलर मुकाट घसरतो. ती बेताची झाली की चिकटपट्टी सोडवल्यासारखा बारीक चरचर आवाज येतो. शिकवणारी मुलगी डोळे मिटून तो आवाज ऐकत होती. “आता बरोबर आहे,” ती म्हणाली. कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला, उचलला. आरशात दिसावा तसा उलटा ‘आज’ माझ्याकडे बघत होता.

“काकू, अक्षरं उलटी कोरायची असतात. सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. मी तेव्हा शिखर परिषदेच्या फोटोखालची ओळ वाचत होते. एव्हाना नवांपैकी चौघांच्या गालांना शाई लागली होती, आणि पाचव्याच्या कपाळावर माझा अंगठा होता.

माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सगळं पटत नाही. जगात एवढं चाललेलं असताना तुला फुलांची चित्रं बघायला कसं जाववतं, असं ती विचारते. प्रश्न खोटा नाही. उलट ‘मनःशांतीसाठी मी बातम्या बघणंच सोडलं’ असं सांगणाऱ्यांपेक्षा मला ती जवळची वाटते. या प्रश्नाला सगळे ‘गेर्निका’चं, पिकासोच्या बॉम्बहल्ल्यावरच्या चित्राचं, उदाहरण देतात, म्हणून मी ते देत नाही. ते फार मोठं चित्र आहे आणि त्याच्या आडोशाला उभं राहून कुणाच्याही फुलदाणीचं समर्थन होत नाही.

मला आठवते ती लंडनची नॅशनल गॅलरी. दुसऱ्या महायुद्धात तिथली चित्रं हलवली होती. शेवटी ती वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात नेऊन ठेवली. भिंती रिकाम्या. 1942च्या सुरुवातीला ‘टाइम्स’मध्ये वाचकाचं पत्र आलं, की शहर इतकं विद्रूप झालंय, आता तर सुंदर काहीतरी बघायची जास्त गरज आहे. मग ठरलं, खाणीतून दर महिन्याला एक चित्र आणायचं. एकच. टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराचं ‘नोली मे तांगेरे’ त्यातल्या पहिल्या काहींपैकी. विमानं यायची थांबली नव्हती, आणि लोक एका चित्रासाठी येत होते. या लोकांना युद्धाची बातमी माहीत नव्हती असं कुणी म्हणेल का? मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “ते टिशियन होतं.” हाही मुद्दा खोटा नाही.

म्हणून टिशियन नसलेल्यांचं सांगते. 1809च्या मे महिन्यात विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने लंडनमध्ये आपल्या सोळा चित्रांचं प्रदर्शन भरवलं. जागा कुठली, तर भावाच्या मोज्यांच्या दुकानाचा वरचा मजला. त्याच महिन्यात नेपोलियनने व्हिएन्ना घेतलं, जुलैत वाग्रामची लढाई झाली. पान सात गच्च भरलेलं. गंमत म्हणजे ब्लेकच्या सोळा चित्रांतही पान सात होतंच. एकात ब्रिटिश नौसेनापती नेल्सन, एकात पंतप्रधान पिट, दोघंही तीन-चार वर्षांपूर्वी वारलेले आणि बायबलमधल्या अजस्र प्राण्यांना वाट दाखवणारे. फारसं कुणी फिरकलं नाही. चित्र एकही विकलं गेलं नाही. छापील समीक्षण एकच आलं, आणि त्यात चित्रकाराला वेडा ठरवलेलं होतं. मला त्या समीक्षेपेक्षा वरच्या मजल्यावरच्या दुपारी जास्त दिसतात. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आलं कुणीतरी. आणि ते असायचं मोज्यांचं गिऱ्हाईक.

परवा कापलेल्या निवेदनाचं प्रदर्शन मी काल बघून आले. समारोपाचा दिवस होता. दालनात शिरले तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर चित्रकार पेपर वाचत बसले होते. मला बघून ते अर्धे उठले, मग मला मोकळेपणाने बघता यावं म्हणून पुन्हा बसले, मग पेपर तोंडासमोर धरला. तो पेपर हलत नव्हता. प्रत्येक चित्रासमोर मी किती वेळ थांबते हे ते कागदाआडून मोजत होते, आणि मोजलं जातंय हे कळल्यामुळे मी प्रत्येक चित्रासमोर जरा जास्तच थांबत होते. बहुतेक चित्रं पाण्याची. तलाव, साचलेलं पाणी, बादली. त्यातलं बादलीचं खरंच सुंदर होतं. पाणी रंगवलेलंच नव्हतं. कागद कोरा सोडला होता आणि आतल्या कडेची सावली तेवढी होती. तरी बादली भरलेली आहे हे दिसत होतं. त्याच्याखाली विकल्याचा लाल ठिपका नव्हता. कुठल्याच चित्राखाली नव्हता.

“कुणी येतं का बघायला?” मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

“येतात की,” ते म्हणाले. “पण मधे वेळ बराच मिळतो. आठवडाभर पेपर अगदी काठोकाठ वाचला.” आणि मग त्यांनी मला जग सांगितलं. कुठल्या सीमेवर काय, कुठल्या बँकेने काय, कुणाच्या निवडणुकीत दुसरी फेरी. मी एवढं सविस्तर कुणाकडून ऐकलं नव्हतं, बाबांकडूनही नाही. सात दिवस रिकाम्या दालनात बसलेल्या माणसाइतकं पान सात बहुधा कुणीच वाचत नसेल.

मी म्हटलं, “मग परवाचा अंकही असेल तुमच्याकडे.”

होता, खुर्चीखालच्या गठ्ठ्यात. त्यांनी तो काढला, पान सात उघडलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती ओळ शोधली. अभिप्रायाच्या वहीत मी बादलीबद्दल दोन वाक्यं लिहिली, आणि त्याच पेनने कात्रणाच्या मागे एक क्रियापद.

घरी आल्यावर ते बाबांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, ‘टाळले’. मग रद्दीतून परवाचा पेपर शोधून काढला, भोकाच्या कडेला पेन्सिलीने तो शब्द लिहिला आणि बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली.