क्षयरुग्णाचे ताट आणि घरातील बाकीची ताटे

इंदुरातील जुन्या मराठी वस्तीत क्षयाचा रुग्ण असलेल्या घरी गेले, की पुष्कळदा फळीवर एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाकीच्या भांड्यांपासून हातभर दूर पालथे घातलेले दिसतात. एका घरी तर ताटाच्या पाठीला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, घासताना सरमिसळ होऊ नये म्हणून. "काकू, हा रोग भांड्यांतून नव्हे, खोकल्याबरोबर हवेत उडणाऱ्या कणांतून पसरतो," असे सांगितले, तर "अहो, तरी आपली काळजी घेतलेली बरी," असे उत्तर येते. काळजी जरूर घ्यावी. मात्र ती कशाची घ्यावी, हे आपल्याच देशातील दोन अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

पहिला मद्रासचा, १९५६ साली सुरू झालेला. त्यात १९३ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी करून एका गटाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, आणि दुसऱ्याला स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात ठेवले. औषधे मात्र दोघांना तीच, वर्षभर. सॅनेटोरियममध्ये सकस जेवण आणि विश्रांती होती, घरी यांपैकी फारसे काही नव्हते. तरीही बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले आणि पुढील ५ वर्षांत घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत क्षय अधिक आढळला नाही. औषध सुरू झाले की रुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने घटतो, आणि घरातल्यांना व्हायचा तो संसर्ग बहुधा निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो. ठिपक्याचे ताट येते ते त्यानंतर.

यावरून आहाराला महत्त्व नाही असा अर्थ काहींनी काढला, तो मला कधीच पटला नाही. मद्रासचा प्रश्न रुग्ण घरी राहून बरा होतो का हा होता; त्याच्याबरोबर अर्धपोटी राहणाऱ्यांचे काय होते, हे पाहिले झारखंडमधील 'राशन्स' चाचणीने. २०१९ ते २०२२ या काळात चाललेल्या या चाचणीत २,८०० रुग्ण आणि त्यांचे १०,३४५ कुटुंबीय होते. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. कुटुंबीयांपैकी मात्र एकाच गटाला माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी. तेही मुख्यतः वरणभातावर! रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोकाही बराच कमी होता.

क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. तिच्यातून एकट्या रुग्णासाठी प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा आणण्यापेक्षा डाळ, शेंगदाणे, दूध आणि चालत असतील तर अंडी आणावीत, आणि ती सर्वांच्या ताटात पडावीत, विशेषतः शेवटी उरलेसुरले जेवणाऱ्या सुनेच्या. रुग्णाबरोबर घरातील प्रत्येकाने आरोग्य केंद्रावर जाऊन वजन आणि तपासणी करून घ्यावी, आणि रोग नसल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सुचवल्या, तर "मला काहीच होत नाही" म्हणून त्या अर्ध्यावर सोडू नयेत.